पावती फाडा आणि खेळाडू न्या!

दंड कशाला म्हणायचं? तीच चूक पुन्हा करायची हिंमत होऊ नये, तो दंड. बाकी सगळी फी. रेल्वेत विनातिकीट सापडलात तर नुसतं भाडं घेऊन सोडत नाहीत, वर दंडही घेतात. नाहीतर तिकीट काढील कोण? एवढी साधी गोष्ट अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलला, म्हणजे एनएफएलला, कशी कळत नाही याचं मला नवल वाटतं. (फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे बरं का! हेल्मेट घालून, लांबट चेंडू हातात धरून पळतात तो. मुलगी अटलांटाला असल्यामुळे मला त्याची गोडी लागली.)

आधी नियम सांगते. करार संपत आलेला खेळाडू मार्चमध्ये मोकळा होतो आणि हव्या त्या संघात जाऊ शकतो. पण तोवर दुसऱ्या संघाने त्याला फूस लावायची नाही. आपल्याकडे आमदार फोडतात ना, तसे तिकडे खेळाडू फोडतात. त्याला टॅम्परिंग म्हणतात. शेवटचे दोन दिवस तेवढी सवलत असते. २०२४ मध्ये ती अशी होती : या दोन दिवसांत एजंटशी काय हवं ते बोला, खेळाडूशी थेट नाही. अगदी प्रवासाच्या सोयीबद्दलसुद्धा नाही.

त्या मार्चमध्ये अटलांटा फाल्कन्सने मिनेसोटा वायकिंग्जचा क्वार्टरबॅक कर्क कझिन्स याला घेतलं. चार वर्षांचा, १८ कोटी डॉलरचा करार! आणि स्वागताच्या पत्रकार परिषदेत हा भला माणूस मोकळेपणाने सांगून बसला, की कालच आपल्या मुख्य ट्रेनरशी फोनवर बोलणं झालं. काल, म्हणजे बंदी असताना!! मग चौकशी झाली. डार्नेल मूनी आणि चार्ली वर्नर यांच्या बाबतीतही नियम मोडल्याचं निघालं.

जूनमध्ये शिक्षा आली. संघाला अडीच लाख डॉलर, जनरल मॅनेजरना ५० हजार आणि २०२५ च्या ड्राफ्टमधली पाचव्या फेरीची एक निवड रद्द. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधले नवे खेळाडू वाटून घ्यायच्या सात फेऱ्या. पाचवी येईपर्यंत साय संपून ताक उरलेलं असतं. हिशेब करा. तीन लाख म्हणजे एकट्या कझिन्सच्या कराराचा सहाशेवा हिस्सा. तिन्ही खेळाडू अटलांटातच राहिले. आणि या शिक्षेतून वायकिंग्जच्या पदरात काय पडलं? चोराच्या हातची लंगोटीसुद्धा नाही.

"फक्त पाचव्या फेरीचा पिक गेला, आजी!" नातू खुशीत सांगत होता. मला त्या 'फक्त'चंच वाईट वाटलं. कॉपी करणाऱ्याचे दोन गुण कापायचे आणि पहिला नंबर त्याच्याकडेच ठेवायचा, असा निकाल लावला तर पुढच्या वर्षी वर्गात प्रामाणिक कोण राहील?

कोणी म्हणेल, २०२४ च्या डिसेंबरात कझिन्सला बाकावरच बसवलं, झाली की शिक्षा. अहो, कॉपी करून लिहिलेलं उत्तर चुकलं म्हणून कॉपी माफ होते का?

कडक शिक्षा करता येत नाही असंही नाही. २०२२ मध्ये मायामी डॉल्फिन्सवर टॉम ब्रेडी आणि प्रशिक्षक शॉन पेटन यांना फूस लावल्याचं सिद्ध झालं. पहिल्या फेरीची आणि तिसऱ्या फेरीची अशा दोन निवडी गेल्या. मालक स्टीफन रॉस यांना १५ लाख डॉलर दंड आणि ऑक्टोबरपर्यंत निलंबन. ती फूस अनेक महिने चालली होती, त्यात मालक स्वतः होते, म्हणून शिक्षा जबर, हे मान्य. पण गंमत पाहा. ब्रेडी आणि पेटन दोघेही मायामीला गेलेच नाहीत! ज्याच्या हाती काही लागलं नाही त्याला फटका, आणि ज्याने माल घरी नेला त्याला पावती.

दुसरा आक्षेप खरा आहे. खेळाडूचं आयुष्य चार दिवसांचं, त्याला हवं तिथे जाऊ द्या की. जरूर जाऊ द्या! त्याचा करार मोडा असं मी म्हणतच नाही. भरपाई संघाने करावी. करार जेवढा मोठा, तेवढ्या वरच्या फेरीची निवड काढून घ्या आणि ती हवेत विरू न देता ज्याचा खेळाडू फोडला त्याला द्या. यात नवीन काही नाही. २००८ मध्ये शिकागो बेअर्सच्या लान्स ब्रिग्जच्या प्रकरणात सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सची पाचव्या फेरीची निवड तर गेलीच, शिवाय तिसऱ्या फेरीतली आपली जागा बेअर्सशी बदलून घ्यावी लागली. म्हणजे वाट माहीत आहे, चालायचं नाही एवढंच.

आणि हे जमत नसेल, तर नियमच काढून टाका बापडे. सगळ्यांना सगळ्यांशी बोलू द्या. तेही एक वेळ न्यायाचं होईल. नियम ठेवायचा, आणि तो पाळणाऱ्यालाच वेड्यात काढायचं, हे मात्र पटत नाही.