खाडा कोणाचा?

मानसोपचाराच्या सरकारी बाह्यरुग्ण विभागात रुग्णाला औषधांबरोबर पुढची तारीख दिली जाते. त्या तारखेला तो आला नाही, तर ‘गैरहजर’ एवढ्या एका शब्दात त्याची बोळवण होते. तो का आला नाही, औषध संपल्यावर त्याचे काय झाले, हे विचारण्याचे कर्तव्य बहुधा कोणाच्याच वाट्याला आलेले नसते. उलट, ‘फुकट मिळते म्हणून या लोकांना किंमत नाही’ हा अभिप्राय मात्र सहज ऐकू येतो. तो अर्थशास्त्राच्या कसोटीवर चुकीचा आणि समाजवादाच्या कसोटीवर अन्यायाचा आहे.

प्रथम हिशेब पाहू. बोळिंजचेच उदाहरण घ्या. एके काळी वाड्यांचे असलेले हे गाव आज विरारच्या शहरी विस्तारात मिसळून गेले आहे. जुन्या आळ्यांना लागून उंच इमारती आणि म्हाडाची मोठी वसाहत उभी आहे. येथला कष्टकरी बांधकामावर जातो, वसई पूर्वेच्या कारखान्यांत जातो. येथली कष्टकरी स्त्री चार घरची धुणीभांडी करते. १९०१ साली स्थापन झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय हा या पट्ट्याचा जुना आधार. तेथे पोहोचायचे, तर विरारहून लोकलने दादर गाठून गाडी बदलायची, नाहीतर घोडबंदर रस्त्यावरील कोंडी सोसायची. जिल्ह्याचे ठिकाण पालघर. पण विरारच्या पुढे डहाणूकडे जाणाऱ्या लोकलच्या फेऱ्या तुलनेने कमी. कोठेही जा, तपासणी काही मिनिटांची आणि दिवस मात्र पुरता गेलेला.

समजा, अशा कामगाराचा रोज ६०० रुपये आहे. मानसिक रुग्ण पुष्कळदा एकटा जाऊ शकत नाही. सोबत घरचे माणूस लागते. म्हणजे दोघांचे मिळून १,२०० रुपये बुडाले. महिन्याला एक तारीख धरली, तरी वर्षाला १४,४०० रुपये, प्रवासखर्च निराळाच. केसपेपर विनाशुल्क निघाला म्हणून या उपचाराला फुकट कसे म्हणावे? तारखेला जावे तर कामावर खाडा आणि कामावर जावे तर तारखेला खाडा, अशा पेचात सापडलेला माणूस चुलीच्या बाजूने निर्णय घेतो. त्याला निष्काळजी म्हणणे हा सुखवस्तू वर्गाचा उद्धटपणा आहे.

त्यातही हा आजार इतर आजारांसारखा नाही. नैराश्याने ग्रासलेल्या व्यक्तीला अंथरुणातून उठणेच डोंगराएवढे वाटते. छिन्नमनस्कतेच्या रुग्णाला आपण आजारी आहोत हेच अनेकदा पटत नाही. ज्याला बरे वाटू लागले, त्याला औषधाची गरज संपली असे वाटते. तारीख चुकणे हे पुष्कळदा आजाराचेच लक्षण असते. त्याबद्दल रुग्णाला बोल लावणे म्हणजे ताप चढला म्हणून तापकऱ्याला दंड करण्यासारखे आहे.

पाश्चात्त्य देशांतही हा प्रश्न आहे. लंडनच्या एका रुग्णालयसमूहातील प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तारीख चुकवल्यास आरोग्यसेवेचे सुमारे १६० पौंडांचे नुकसान होते, असे स्मरणसंदेशात लिहिल्यावर गैरहजेरी ११.१ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर आली. आपल्याकडील व्यवस्थापनपंडितांना असे उपाय फार आवडतात. कारण ते स्वस्त असतात. स्मरणसंदेश जरूर पाठवावेत. परंतु ज्या देशात सरकारचे नुकसान रुग्णाला ऐकवायचे, त्या देशात रुग्णाचे नुकसानही सरकारला ऐकवले पाहिजे. शिवाय आपल्याकडे अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात असतो. ‘मानसोपचार विभाग’ असा शब्द त्यावर झळकला, तर एखाद्या सुनेचा संसार मोडू शकतो. संदेशात केवळ ‘तपासणीची तारीख’ एवढेच असावे आणि तो रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असावा.

क्षयरोगाशी तुलना केली म्हणजे शासनाचा पक्षपात उघड होतो. क्षयाचा रुग्ण औषधाला आला नाही, तर आरोग्य कर्मचाऱ्याने त्याच्या घरी जाऊन चौकशी करावी, अशी राष्ट्रीय कार्यक्रमाची पद्धत आहे. २०१८ पासून त्याला पोषणासाठी महिना ५०० रुपये देण्याची योजना आली आणि २०२४ मध्ये ही रक्कम १,००० रुपये झाली. हे योग्यच आहे. पण मानसिक रुग्णाच्या दारी कोणी का जात नाही? क्षय दुसऱ्याला लागतो आणि वेदना लागत नाही, म्हणून? औषध तुटलेल्या रुग्णाच्या घरातील कमावत्याची नोकरी जाते, मुलीची शाळा सुटते, कर्ज होते. हा संसर्ग सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, इतकेच.

कायद्याची उणीव म्हणावी, तर तीही नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. जिल्हा पातळीवरील कार्यक्रम १९९६ पासूनचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर परवडणाऱ्या उपचाराचा हक्कच दिला. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला मोफत उपचार आणि सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या सरकारी संस्थांत अत्यावश्यक मानसोपचार औषधे सदैव मोफत, असे त्यात लिहिले आहे. असे असूनही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराबाहेर आढळले होते. त्या सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या राज्याने यातून आत्मसंतुष्ट होण्याचे कारण नाही.

सेवा केवळ जवळ आणून भागेल काय? येथे बोळिंजसारख्या ठिकाणाचा दुहेरी स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. जुन्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. गावातल्या दवाखान्यात मानसोपचाराच्या रांगेत कोण उभे होते, ही बातमी संध्याकाळपर्यंत आळीभर होते. नव्या इमारतींत कोणी कोणाला ओळखत नाही. तेथे सोबत यायलाच माणूस नाही. एक ओळखीच्या भयाने येत नाही, दुसरा ओळखीच्या अभावाने. ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो. त्या हसण्याची किंमत हेच लोक मोजत आहेत.

मार्ग नाही असे नाही. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरील प्रशिक्षित कार्यकर्ते आणि समुपदेशक उभे केले. दीड वर्षात, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदले आहे. विदर्भातील गावांत जे घडले, ते मुंबईच्या उंबरठ्यावर घडू नये?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. मानसोपचाराचा वेगळा फलक न लावता सर्वसाधारण दवाखान्यातच ठरल्या वारी ही तपासणी व्हावी; ती संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशीही असावी. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याने अधिक दिवसांचे औषध मिळावे. तारीख चुकली, तर आठवड्याच्या आत आपुलकीने विचारपूस व्हावी. गरीब रुग्णाला आणि सोबत्याला प्रवासखर्च व बुडालेल्या रोजाची काही भरपाई मिळावी. विचारपुशीचे काम आशा भगिनींवर टाकायचे असेल, तर त्याचा स्वतंत्र आणि वेळेवर मोबदला द्यावा. एका गरिबाची सोय दुसऱ्या गरिबाच्या फुकट श्रमावर उभी करणे आपल्याला मान्य होणार नाही.

मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली. सामान्य प्रवाशाने सोसलेले कष्ट हा धोरणाचा विषय आहे, हे त्या कृतीने दाखवून दिले. दवाखान्याच्या बाकावर दिवस घालवणाऱ्या माणसालाही तोच न्याय लागू होतो. मोर्चे आणि निवेदने चालूच राहतील. पण आपल्या वस्तीत ज्याची तारीख आहे त्याच्यासोबत जाण्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक शाखेने अशा दोन-चार घरांची सोबत गाजावाजा न करता आणि कोणाचे नाव बाहेर न फोडता पत्करावी. दवाखान्याच्या नोंदीत रुग्णाचा खाडा दिसतो; आपला दिसत नाही, पण तोही मोजला पाहिजे.