चालकाचे आठ तास

दरवर्षी जानेवारीत राज्यभर रस्ता सुरक्षा अभियान साजरे होते. मंत्री झेंडा दाखवितात, शाळकरी मुले फलक घेऊन फेरी काढतात, नाक्यानाक्यांवर चालकांना वेगाचे धोके समजावून सांगितले जातात. महाराष्ट्रात २०२२ व २०२३ या दोन्ही वर्षी रस्त्यांवर पंधरा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, हे ध्यानी घेता अशा प्रयत्नांची हेटाळणी कोणी करू नये. परंतु त्यांमागील गृहीतक तपासले पाहिजे. चालक बेफिकीर असतो म्हणून अपघात होतात. त्याला उपदेश केला आणि दंडाचा धाक घातला की शासनाचे कर्तव्य संपले, असे ते गृहीतक आहे.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा बळी गेला. टायर फुटला की चालकाचा ताबा सुटला, यावर पुढे बराच खल झाला. टायरांची तपासणी आणि चालकांचे समुपदेशन यांवर भर देण्यात आला. मात्र रात्रभर गाडी हाकणारी माणसे त्याआधी किती तास जागी असतात, हा प्रश्न बसमालकांना विचारण्याची तत्परता दिसली नाही.

केवळ चालकाकडे बोट न दाखविता व्यवस्था सुधारली, तर जीव वाचतात. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ जणांचा मृत्यू झाला होता. पुढे तेथे धोक्याच्या जागा हेरून कठडे व संरक्षक अडथळे उभारले गेले, तातडीच्या उपचारांची व्यवस्था सुधारली आणि मृत्यू घटले. जे शहाणपण रस्त्याच्या बांधणीत दाखविले, ते चालकाच्या श्रमांबाबत का दाखवू नये?

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ती मान्य केली. २०२० च्या श्रमसंहितेत जुना कायदा सामावून घेतला गेला, तरी आठ तासांचे तत्त्व कायम राहिले. तत्त्व कायम आहे, अंमल मात्र नाही. जास्त फेऱ्यांचा नफा मालकाच्या पदरात आणि जाग्रणाचा दोष चालकाच्या माथी, अशी ही वाटणी आहे. शासन स्वतः मालक असते तेथेही चित्र फार वेगळे नाही. मुक्कामी एसटीच्या चालक-वाहकांना अनेक ठिकाणी गाडीतच अंग टाकावे लागते.

वेग टिपणारे कॅमेरे लावण्यास पैसा व तंत्र उपलब्ध आहे. नव्या प्रवासी वाहनांना स्थान दर्शविणारे यंत्र केंद्रीय नियमांनी बंधनकारक केले आहे. तेच यंत्र चालकाच्या कामाच्या तासांचाही हिशेब देऊ शकेल. तो हिशेब मागण्याची इच्छा हवी. तासांची मर्यादा मोडल्यास दंड मालकाला व्हावा, लांब पल्ल्याच्या गाडीवर दुसरा चालक असावा आणि महामार्गांवर व आगारांत विश्रांतीची सोय व्हावी, या मागण्या कामगार संघटनांनी आणि पक्षाच्या कार्यकर्त्यांनी बसस्थानकांपासून विधिमंडळापर्यंत लावून धरल्या पाहिजेत. चालकाच्या झोपेचा प्रश्न हा वेतनाइतकाच कामगाराच्या हक्काचा प्रश्न आहे; आणि त्याच्या मागे बसलेल्या पन्नास प्रवाशांच्या जिवाचाही.