तोतरेपणाबद्दल मुलाशी बोला

चार वर्षांचं मूल 'प-प-पाणी' म्हणताना अडकलं की घरात कुणी 'नीट बोल, सावकाश बोल' म्हणून टोकतं, कुणी ऐकून न ऐकल्यासारखं करतं, आजी जिभेला वेखंड लावायला सांगते. त्या मुलाशी मात्र कुणीच याबद्दल बोलत नाही. विषय काढला तर ते मनावर घेईल, अशी धास्ती असते.

एके काळी या धास्तीला तज्ज्ञांचाही दुजोरा होता. आईबापांनी साध्या अडखळण्याला तोतरेपणा ठरवलं की तोच पुढे जडतो, असं अमेरिकेतले वेंडेल जॉन्सन मांडत. १९३९ मध्ये आयोवात त्यांच्या देखरेखीखाली अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग झाला. त्यात नीट बोलणाऱ्या काही मुलांनाही 'तुमचं बोलणं बिघडलंय' असं बजावण्यात आलं. ती बोलायलाच कचरू लागली. त्यासाठी आयोवा विद्यापीठाने २००१ मध्ये जाहीर माफी मागितली. मुलाला हिणवणं, धाक घालणं वाईटच. पण त्यावर उतारा म्हणजे गप्प बसणं नव्हे.

तोतरेपणाचं मूळ आनुवंशिकतेत आणि मेंदूच्या जडणघडणीत आहे; आईबापांच्या बोलण्यात नाही. तो बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि बहुतेक मुलांचा जातोही. पण आपला शब्द अडकतो, हे तीन-चार वर्षांच्या पुष्कळ मुलांना कळत असतं. मग मूल 'पाणी' म्हणायचं टाळून नुसतं माठाकडे बोट दाखवतं. अशा वेळी घरचे गप्प राहिले, तर हे काहीतरी लाजिरवाणं आहे, एवढंच ते शिकतं.

म्हणायचं इतकंच : "शब्द अडकला ना? होतं असं कधीकधी. मला घाई नाही, तू सांग." मग खरंच थांबायचं, त्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही. बोलताना त्याचा चेहरा ताणला जात असेल, किंवा काही महिने उलटूनही अडखळणं कमी होत नसेल, तर स्पीच थेरपिस्टला दाखवावं. 'मोठा झाला की सुटेल' म्हणत वर्षं घालवू नयेत. बालवाडीतल्या बाईंनाही आधीच सांगून ठेवावं.

शाळेत कुणीतरी चिडवणार आहेच. घरात ज्या गोष्टीचं नावही काढलं जात नाही, तिच्यावरून कुणी चिडवलं हे मूल घरी कोणत्या तोंडाने सांगेल? ती वाट आपणच आधी मोकळी करून ठेवली पाहिजे.