बोन मॅरो बदलून घरी आलेल्या मुलाकडे कोण बघणार?

मा. केंद्रीय आरोग्यमंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



११ डिसेंबर २०२२ हा दिवस आपण विसरला नसाल. त्या दिवशी नागपुरात पंतप्रधानांनी समृद्धी महामार्गाचे आणि एम्सचे उद्घाटन केले. त्याच कार्यक्रमात चंद्रपूरचे हिमोग्लोबिनोपॅथी (सिकलसेलसारखे रक्तविकार) संशोधन, व्यवस्थापन व नियंत्रण केंद्र राष्ट्राला अर्पण झाले. त्यानंतर सात महिन्यांच्या आत, १ जुलै २०२३ रोजी, शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झाले. १७ राज्ये, ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असा शब्द आपण दिलात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या लोकांनी तो खरा मानला, शिबिरांत रांगा लावल्या, बोट टोचून घेतले, एएस (वाहक) आणि एसएस (रुग्ण) पॅटर्नची कार्डे घरी नेली. कार्डानंतरचे काय, हे विचारण्यासाठी हे पत्र आहे.

एसएस पॅटर्नच्या मुलाला पूर्ण बरे करण्याचा हाताशी असलेला मार्ग म्हणजे बोन मॅरो प्रत्यारोपण. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. जुळले तर उपचार चांगला आहे, याबद्दल वाद नाही. १९८६ ते २०१३ या काळात अशा जुळलेल्या भावंडांकडून प्रत्यारोपण झालेल्या जगभरच्या १००० रुग्णांची नोंद प्रसिद्ध आहे. त्यांत पाच वर्षांनी जिवंत राहण्याचे प्रमाण जवळजवळ ९३ टक्के होते. तेव्हा मी उपचाराविरुद्ध लिहितो आहे, असा निष्कर्ष कृपया काढू नये. मी विचारतो आहे ते मूल घरी आल्यानंतरचे.

सिकलसेल हा जितका रक्ताचा तितकाच रक्तवाहिन्यांचा आजार आहे, हे आपल्या तज्ज्ञांनी आपल्याला सांगितलेच असेल. वाकड्या झालेल्या लाल पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतात आणि फुटतात. हे अस्तर एकाच पेशीइतके जाड असते आणि या मुलांमध्ये ते लहानपणापासून मार खात आलेले असते. प्रत्यारोपणाआधी जुना बोन मॅरो रिकामा करायला ब्युसल्फानसारखी जहाल औषधे देतात, त्यांचा घाव याच अस्तरावर बसतो. नंतर महिनोन्‌महिने द्यावे लागणारे, प्रतिकारशक्ती दाबणारे सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसही त्याला सोडत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत यकृतातल्या बारीक शिरा तुंबू शकतात. वजन वाढते, पोट फुगते, कावीळ दिसते. तेव्हा मूल सहसा रुग्णालयातच असते आणि निदान कोणी रोज वजन तरी करते.

दुसरा धोका मूल घरी पोचल्यावरही गाठू शकतो. बहुतेकदा पहिल्या १०० दिवसांत, कधी त्याही पुढे, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ लागतात आणि मूत्रपिंड बिघडते. डॉक्टर याला थ्रॉम्बोटिक मायक्रोअँजिओपॅथी म्हणतात. याची पहिली लक्षणे पकडायला मोठे यंत्र लागत नाही. रक्तदाब चढतो, लघवीत प्रथिने येतात, प्लेटलेट उतरतात, रक्तातले एलडीएच वाढते, काचपट्टीवर तुटक्या लाल पेशी दिसतात. लहान मुलाच्या दंडाला बसेल असा रक्तदाबाचा पट्टा, लघवी तपासायची पट्टी आणि काचपट्टी वाचता येणारा तंत्रज्ञ, एवढे असले तरी शंका वेळेत येऊ शकते. मला राग येतो तो इथे. महागडे औषध परवडत नाही, हे मी समजू शकतो. पट्टा परवडत नाही, असे आपण म्हणणार आहात काय?

समजा, गडचिरोलीच्या एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातले असे मूल तापाने फणफणले आणि प्लेटलेट कमी निघाल्या. हिवतापाच्या या जिल्ह्यात कोणाच्याही मनात आधी हिवतापच येणार. फिकट दिसले, तर सिकलसेलचा जुना पेशंट म्हणून रक्त चढवले जाईल. त्यात डॉक्टरची चूक काय? या मुलाला प्रत्यारोपण झाले आहे, अमुक औषध चालू आहे, अमुक दिसले तर तमुक क्रमांकावर लगेच फोन करा, असा एक कागद आपण त्याच्या टेबलावर ठेवला आहे का? पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर वर्षी वर्तमानपत्रात छापून येते. ‘नागपूरला रेफर’ लिहिणे सोपे आहे. गडचिरोलीहून नागपूरच पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास पडते आणि भामरागडहून गडचिरोली गाठायलाही जवळजवळ तेवढेच अंतर. याच जिल्ह्यातल्या सुरजागडचे लोहखनिज बाहेर काढण्यासाठी जेवढी तत्परता दिसली, तेवढी या वाटेवर का दिसत नाही?

पैशांचेही बोलू. कोल इंडियाने २०१७ मध्ये थॅलेसेमियाच्या मुलांच्या प्रत्यारोपणासाठी १० लाखांपर्यंत मदतीची योजना सुरू केली, ती स्तुत्यच. त्यावरून खर्चाचाही अंदाज येतो. कोळसा चंद्रपूरच्याही पोटातून निघतो. मग सिकलसेलच्या इथल्या किती मुलांना असा आधार मिळाला? महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे सर्वसाधारण कवच ५ लाखांचे. मूल रुग्णालयातून सुटल्यावर नागपुरातली खोली, आईबापांची बुडालेली मजुरी, औषधाची रक्तातली पातळी तपासण्याचा खर्च, हे कोणत्या रकान्यात बसते?

२०२५ च्या नोव्हेंबरात ‘बिरसा १०१’ या स्वदेशी जनुकीय उपचाराची घोषणा झाली. बिरसा मुंडांचे नाव दिले, आनंद झाला. (नावे देण्यात आपण कधीच मागे राहिला नाहीत.) पण अमेरिका आणि ब्रिटनने २०२३ मध्ये मान्य केलेल्या अशाच उपचारात आधी ब्युसल्फानने बोन मॅरो रिकामा करावाच लागतो. म्हणजे उपचार नवा आला, तरी अस्तराची काळजी सुटत नाही आणि घरी परतलेल्या मुलावर नजर ठेवण्याची गरजही.

आपल्याकडून मला तीन उत्तरे हवी आहेत. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या किती मुलांचे आजवर प्रत्यारोपण झाले आणि त्यांपैकी किती जण आज ठणठणीत आहेत? त्यांची यादी तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे असते का? आणि चंद्रपूरच्या केंद्राच्या नावात ‘व्यवस्थापन’ आहे, त्यात या मुलांचा पाठपुरावा येतो की नाही? येत असेल तर तसा लेखी आदेश काढा, त्या केंद्रात चोवीस तास उचलला जाणारा एक फोन ठेवा आणि प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयाला तो क्रमांक कळवा. येत नसेल, तर हे काम कोणाचे, ते जाहीर सांगा. पुढचे मूल प्रत्यारोपणासाठी नागपूरच्या गाडीत बसण्याआधी हे झाले पाहिजे.

आपला,
गडचिरोली जिल्ह्यातील एक नागरिक