मनुष्यदिवस संपतात, कसब उरते

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने बदलापूर ते कर्जत या ३२ किलोमीटरच्या तिसऱ्या व चौथ्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. कल्याण ते बदलापूर हा टप्पा मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात २०१९ मध्येच मंजूर झाला असून त्याचे काम चालू आहे. मुंबई-वडोदरा महामार्गासाठी शेजारच्या बेंडशीळच्या डोंगरातून बोगदे निघाले. लोकलच्या दारात लोंबकळत जाणाऱ्या या भागाला नवे मार्ग हवेतच. त्याबद्दल वाद नाही. प्रश्न असा की, ही कामे पुरी होऊन ठेकेदाराचे तंबू उठतील, तेव्हा मांजर्ली, बेलवली, कुळगावच्या तरुणांच्या हाती काय उरेल?

अशा प्रकल्पांची घोषणा करताना सरकार रोजगार 'मनुष्यदिवसां'त मोजते. हे माप फसवे आहे. शंभर माणसांनी तीनशे दिवस काम केले तर तीस हजार मनुष्यदिवस होतात; तीस हजार माणसांनी एकेक दिवस काम केले तरी तितकेच होतात. पहिल्या रीतीने शंभर वेल्डर, सळई बांधणारे व यंत्रचालक तयार होऊ शकतात. दुसऱ्या रीतीने एकही होत नाही. कागदावरचा आकडा मात्र तोच राहतो.

या चुकीपासून आपणही मुक्त नव्हतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळालेली रोजगार हमी योजना ही वि. स. पागे यांची महाराष्ट्राला मोठी देणगी होय. परंतु दहा वर्षे खडी फोडणारा मजूर अकराव्या वर्षीही खडीच फोडत राहिला. भुकेच्या वेळी पोटाला अन्न देणे हेच पहिले कर्तव्य होते, हे खरे. पण दुष्काळातला हा मापदंड शेकडो कोटींच्या रेल्वेमार्गाला कसा लावता येईल?

कोकण रेल्वेचा अनुभव अधिक बोलका आहे. जॉर्ज फर्नांडिस व मधु दंडवते यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ मध्ये मार्ग पुरा झाला. सह्याद्रीचे बोगदे खणताना अभियंत्यांनी मिळविलेले ज्ञान महामंडळात टिकले आणि त्याच महामंडळाने पुढे काश्मिरात चिनाबवरील पुलाच्या उभारणीची जबाबदारी पार पाडली. ज्ञान टिकले, कारण संस्था कायम होती. बोगद्यात प्रत्यक्ष ड्रिल धरणाऱ्या मजुराचे ज्ञान मात्र ठेकेदाराबरोबर पांगले. त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

उलट उदाहरण आपल्या उंबऱ्याशीच आहे. अंबरनाथच्या आयुधनिर्माणीने कामातच शिक्षणाची सोय केली आणि तिथे शिकून तयार झालेल्या टर्नर-फिटरांच्या पिढ्यांनी या पट्ट्याला यंत्रांची ओळख करून दिली. आजच्या बांधकामात प्राधिकरण, मुख्य ठेकेदार, पोटठेकेदार व मुकादम अशी उतरंड असते. तिच्यात कोणी कोणाला शिकवीत नाही. कारण शिकविण्याचा खर्च एकाचा आणि शिकलेला माणूस दुसऱ्याचा. हा दोष बाजार आपण होऊन दुरुस्त करणार नाही. शिक्षणाची अट निविदेतच लिहावी लागेल.

त्यासाठी नवा कायदाही नको. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील नियमांनुसार तीस वा अधिक कामगारांच्या आस्थापनेला, कंत्राटी कामगार धरून, अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. बांधकाम खर्चावर १९९६ पासून किमान एक टक्का उपकर आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो कायम आहे. याच निधीतून राज्यात बांधकाम कामगारांना भांड्यांचे संच वाटले गेले. भांडी मिळाली त्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. पण त्याच पैशातून कामावरच शिक्षण आणि कसबाचे प्रमाणपत्र का मिळू नये? अंबरनाथची औद्योगिक प्रशिक्षण संस्था या कामांशी का जोडू नये?

एक इशारा आवश्यक आहे. 'स्थानिकांना काम' या मागणीचे 'परप्रांतीयांना हाकला' असे विकृत रूप होता कामा नये. बिहार-झारखंडातून आलेला मजूर ठेकेदाराला स्वस्त पडतो, कारण त्याला संघटना नाही. त्याची नोंदणी झाली, किमान वेतन व शिक्षण त्यालाही मिळाले, तर स्थानिकाला डावलण्यातला ठेकेदाराचा नफाच संपतो. दोघांचे हित एकच आहे.

बारवी धरणाची उंची वाढली तेव्हा विस्थापितांना घरटी एक नोकरी मिळण्यासाठी दीर्घकाळ लढावे लागले, हे आपण पाहिले आहे. काम उरकल्यावर मागितलेले उशिरा मिळते, किंवा मिळतच नाही. म्हणून कर्जत मार्गाच्या निविदा निघण्याच्या वेळीच आपल्या शाखांनी शिकाऊ उमेदवारांची संख्या, त्यांचे विद्यावेतन आणि प्रमाणपत्र या तीन अटींचा आग्रह धरावा. वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या प्रत्येकाची नोंदणी करण्याचे काम तर उद्या सकाळी नाक्यावर उभे राहूनच सुरू करता येईल.