मैदानावरची जीभ

पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. आमच्या वस्तीजवळच्या मैदानावर अजून नीट उजाडलेले नसते, तरी धावणारी मंडळी जमलेली असतात. आमच्या छत्रपती संभाजीनगरचे ऊन असे, की उन्हाळ्यात सात वाजल्यानंतर धावण्याची सोय नाही. म्हणून सारा कारभार अंधारातच. कोणी साखर वाढली म्हणून येतो, कोणी पोट सुटले म्हणून येतो, तर कोणाला मॅरेथॉनचे पदक घरात लावायचे असते. आणि एका कडेला पंधरा-वीस मुले-मुली पोलीस भरतीची तयारी करीत असतात. आम्ही कारकून माणूस. दिवसभर खुर्चीत बसून अंग जड झाले, म्हणून दोन वर्षांपासून आम्हीही चार-पाच फेऱ्या मारतो.

त्या दिवशी आमच्यातले एक गृहस्थ दम लागून हळू झाले. तेवढ्यात भरतीची तयारी करणारी एक मुलगी त्यांना मागे टाकून पुढे गेली. लगेच दुसऱ्याने आवाज दिला, "अहो साहेब, पोरीनं मागं टाकलं तुम्हाला! उद्यापासून बांगड्या भरून या." सगळे हसले. तिसरा म्हणाला, "ती पुरुषासारखी पळते, तिच्यापुढं साहेबांचं काय चालणार?" पुन्हा हशा. खोटे कशाला सांगावे, आम्हीही हसलो.

मुलीने मागे वळून पाहिले नाही. फेऱ्या अर्धवट टाकून ती निघून गेली. पुढे चार दिवस ती दिसली नाही. पाचव्या दिवशी तिची आई रस्त्यात भेटली. ही माउली चार घरची धुणीभांडी करते. म्हणाली, "भाऊ, पोरगी मैदानावर जायला नको म्हणती. तिचा बाप म्हणतो, लोक हसतेत तर जाऊच नको, भरती राहू दे, पाहुणे येतेत पाहायला. तुम्ही असता ना हो तिथं?"

आम्ही तिथे होतो. म्हणूनच आम्हाला उत्तर देता आले नाही.

वाचकहो, कोणी म्हणेल, एवढ्याशा थट्टेचे काय घेऊन बसलात? धावताना दम लागतो, कंटाळा येतो, चार शब्द गमतीचे बोलले तर काय बिघडले? आम्हीही कालपर्यंत असेच म्हणत होतो. पण ही थट्टा जरा उलगडून पाहू.

'बांगड्या भर' हे आपण पुरुषाला म्हणतो. अर्थ काय? तर तू दुबळा आहेस, बाईसारखा आहेस. म्हणजे टोमणा पुरुषाला आणि अपमान बाईचा. ती तर मध्ये बोललीही नव्हती. आणि हे हात कोणाचे? बांगड्या घातलेल्या याच हातांनी आपल्या आयांनी दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली, डोक्यावर पाण्याचे हंडे वाहिले. याच हातांनी आज आपल्या बहिणी वाळूजच्या कारखान्यात पॅकिंग करतात. त्या हातांच्या कष्टावर शिकलेल्या आमच्यासारख्यांनी बांगडीला दुबळेपणाची खूण म्हणावे, हे कृतघ्नपणाचे आहे.

'पुरुषासारखी पळते' हे तर कौतुक म्हणून बोलले जाते. पण त्यात तिची मेहनत तिच्याकडून काढून घेतली जाते. ती वर्षभर पहाटे उठली, पाणी भरून मैदानावर आली, म्हणून ती वेगाने धावते. त्याचे श्रेय पुरुष असण्याला कशासाठी?

तिसरा विनोद तर रोजचाच. 'घरी बायको आहे ना, म्हणून पळायची सवय आहे.' आम्ही स्वतः हा विनोद कितीदा केला असेल याची मोजदाद नाही. आम्ही मैदानावर तास-दीड तास घालवतो तेव्हा घरी चूल कोण पेटवते? डबा कोण भरते? मुलांना शाळेसाठी कोण उठवते? खरे पाहिले तर आम्ही बायकोपासून पळत नाही, बायकोच्या जिवावर पळतो. तिला साखरेचा त्रास असला तरी तिला मात्र धावायला वेळ नाही.

शब्दांनी मैदान कसे बंद होते याचा इतिहास आहे. पोलीस शिपाई भरतीत आपल्या मुलींना ८०० मीटर धावावे लागते, त्याला २० गुण असतात. हीच ८०० मीटरची शर्यत १९२८ साली ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी पहिल्यांदा ठेवली होती. जर्मनीच्या लिना राडके हिने ती जागतिक विक्रम करून जिंकली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून खाली टेकल्या. पुरुषही दमून पडतात, त्याची कोणी बातमी करीत नाही. पण वर्तमानपत्रांनी तिखटमीठ लावून लिहिले, की बायका कोसळल्या, हे अंतर त्यांना झेपणारे नाही. झाले! ऑलिंपिकमधून स्त्रियांची ही शर्यत काढून टाकली, ती १९६० साली रोममध्ये परत आली. बत्तीस वर्षे! तेवढ्या काळात किती मुलींचे धावण्याचे वय निघून गेले असेल?

१९६७ साली अमेरिकेत बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर धावत असताना स्पर्धेचा एक पदाधिकारी तिच्या अंगावर धावून गेला आणि तिचा क्रमांक ओढून काढू लागला. ती थांबली नाही, शर्यत पूर्ण केली. त्या स्पर्धेत स्त्रियांना अधिकृत प्रवेश १९७२ साली मिळाला आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन आली ती १९८४ साली.

'पुरुषासारखी' हा शब्द कुठवर जातो हे पाहायचे असेल तर तामिळनाडूच्या शांती सौंदराजन हिच्याकडे पाहावे. वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित आईबापांची ही लेक. २००६ साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत तिने याच ८०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. लिंगचाचणीचे कारण सांगून ते काढून घेतले गेले आणि साऱ्या जगात तिच्या शरीराची चर्चा झाली. पुढे ती प्रशिक्षक होऊन मुलांना धावायला शिकवू लागली, पण ते पदक गेले ते गेलेच.

आणि आपल्या महाराष्ट्रात? नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या आदिवासी घरातली कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक घेऊन आली. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. साठी ओलांडलेल्या लता करे पतीच्या उपचाराच्या पैशासाठी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये अनवाणी, नऊवारी लुगड्यात धावल्या आणि पहिल्या आल्या. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले. या साऱ्या जणी बाईसारख्याच धावल्या.

आपल्या घरांत सम्यक वाचा हा शब्द लहान मुलालाही पाठ असतो. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले, की समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. हे आम्ही जयंतीच्या भाषणात दरवर्षी सांगतो. मग पहाटे साडेपाचला ते कुठे जाते?

आम्ही त्या माउलीच्या घरी गेलो. मुलीसमोर कबूल केले, की आम्ही हसलो ते चुकले. ती एवढेच म्हणाली, "काका, तुम्ही हसलात याचंच जास्त वाईट वाटलं." तिच्या वडिलांना आम्ही सांगितले, की लाज वाटायची तर ती आम्हाला वाटावी, तिला घरी बसवून शिक्षा तिलाच कशासाठी? ते बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, "बघू."

मैदानावरही बोललो. एक जण म्हणाला, "एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं हो." एकाने त्या दिवसापासून आमच्याशी बोलणे टाकले. पण बांगड्यांचा विनोद करणारे गृहस्थ दोन फेऱ्या मुकाट्याने धावले आणि म्हणाले, "माझीही मुलगी अकरावीला आहे." आम्हाला तेवढे पुरे वाटले.

यापुढे आम्ही एक नेम केला आहे. असा विनोद झाला की हसायचे नाही आणि 'यात काय गंमत आहे?' एवढे शांतपणे विचारायचे. भांडण लागत नाही, पण विनोदाची हवा निघून जाते. धावणाऱ्या मंडळींच्या मोबाईलवरच्या ग्रुपमध्येही हाच नेम. आईबापांना विनंती, की टोमणा ऐकून मुलीची तयारी बंद करू नका, टोमणा मारणाऱ्याला गाठा. कोणी हद्द सोडून शब्दांनी वा हावभावांनी स्त्रीच्या लज्जेचा अपमान केला, तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ७९ लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत साधी कैद आणि दंड आहे. पण रोजच्या हशाला पोलीस पुरे पडणार नाहीत. तिथे आपणच हवे.

ती मुलगी आता परत येते. मात्र तिची आई बरोबर असते. लेकीची धाव होईपर्यंत ती मैदानाच्या कडेला बसून राहते आणि मग घाईघाईने पहिल्या घरच्या कामाला जाते. तिथे उशीर झाला की बोलणी खाते. आमच्या दोन मिनिटांच्या हशाचे हे देणे ती माउली रोज फेडते आहे. तिने निर्धास्तपणे घरी राहावे आणि लेकीने एकटीने मैदानावर यावे, असा दिवस लवकर यावा. तो आणणे आम्हा धावणाऱ्या पुरुषांच्या जिभेवर आहे. विचार व्हावा.