शोधाशोध : निनावी स्पीकर कोणी बनवला?



माळा आवरताना एखादी जुनी वस्तू निघते. तिच्यावर नाव नसतं. मग घरात वाद सुरू होतो. आजोबा म्हणतात, "जर्मन असणार, बघ किती जड आहे!" काका म्हणतात, "छे, जपानी!" आई म्हणते, "कोणाची का असेना, आधी जागा मोकळी करा." आणि भंगारवाला? त्याला नावाशी काय देणंघेणं? तो आपला वजनकाटा काढून तयार!

आज आपण अशाच एका वस्तूचा माग काढायला शिकू या. ती वस्तू म्हणजे स्टिरिओचे जुने स्पीकर. त्यासाठी आपल्याला जरा अमेरिकेत डोकावावं लागेल. स्टिरिओच्या तबकड्या तिथे १९५८ साली बाजारात आल्या आणि घरोघरी एकाऐवजी दोन-दोन स्पीकर लागायला लागले. कितीतरी कंपन्यांनी ते बनवले. त्यातल्या बऱ्याच कंपन्या पुढे बंद पडल्या, काही दुसऱ्यांनी विकत घेतल्या. स्पीकर मात्र उरले. पुढच्या जाळीवरची नावाची पट्टी पडली, मागचा कागद उंदराने खाल्ला, की झाला स्पीकर निनावी! पण अमेरिकेतल्या अशा अनेक स्पीकरांच्या पोटात एक गुपित असतं. तिथे आपण जाऊच. आधी बाहेरून बघू.

नाव कोणाचं, काम कोणाचं?

तुमच्या शाळेच्या गणवेशाची कॉलर उलटून बघा. तिथे दुकानाचं नाव असेल. पण शर्ट दुकानदाराने शिवला का? नाही, शिवणारा वेगळाच. स्पीकरांचंही तसंच आहे, बरं का. अमेरिकेत 'सीअर्स' नावाचं मोठं दुकान होतं. ते आपल्या रेडिओंवर 'सिल्व्हरटोन' असं नाव घालायचं, पण ते रेडिओ बनवायचे वेगवेगळे कारखाने. 'रेडिओ शॅक' या दुकानांच्या साखळीचं नाव होतं 'रिअलिस्टिक'. 'लाफायेत' दुकानाच्या स्पीकरांचं नाव 'क्रायटेरियन'. म्हणजे पट्टीवरचं नाव वाचता आलं, तरी आपलं काम संपत नाही. ते विकणाऱ्याचं नाव असू शकतं.

शिवाय एक स्पीकर म्हणजे एकच वस्तू नव्हे. लाकडी खोकं एक. आत मोठा गोल वूफर, तो ढोलासारखा जाड आवाज काढतो. छोटा ट्वीटर, तो झांजेसारखा बारीक आवाज काढतो. कुठला आवाज कोणाकडे पाठवायचा, हे ठरवणारं एक छोटं मंडल, त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. हे चारही भाग चार ठिकाणी बनलेले असू शकतात. म्हणून "कोणी बनवला?" हा प्रश्न प्रत्येक भागाला वेगळा विचारायचा.

बाहेरची तपासणी

पुढच्या जाळीवर दोन बारीक भोकं दिसतात का? किंवा लाकडावर एखादा चौकोन बाकीच्या भागापेक्षा गडद दिसतो का? तिथे पूर्वी पट्टी असणार. तिची लांबी-रुंदी मोजून ठेवा. जुन्या कॅटलॉगातल्या चित्राशी ती जुळवता येते.

आता मागची बाजू. तार कुठे जोडायची ते बघा. तिथे एक चपटी आणि एक गोल अशी दोन पायांची पिन बसणारी जागा असेल, तर स्पीकर बहुधा युरोपातला. ही पिन जर्मन मानकाप्रमाणे केलेली असते. नुसते दोन स्क्रू असतील, तर अमेरिकन असण्याची शक्यता जास्त. पण 'शक्यता' हं! एवढ्यावरून निकाल द्यायचा नाही.

पोटातला गुप्त आकडा

आता आतली तपासणी. हे काम मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करायचं. स्पीकरची तार ॲम्प्लिफायरपासून पूर्ण सोडवलेली पाहिजे. ॲम्प्लिफायर मात्र उघडायचा नाही. जुन्या, काचेच्या नळ्यांच्या ॲम्प्लिफायरमध्ये बटण बंद केल्यावरही धोकादायक वीज साठून राहू शकते. स्पीकर उघडताना स्क्रू-ड्रायव्हर घट्ट धरा. आतलं चुंबक तो सपकन ओढून घेतं आणि कागदी शंकूला भोक पडतं. हे बऱ्याच जणांचं होतं!

वूफर बाहेर काढून पालथा ठेवला, की त्याची लोखंडी चौकट आणि चुंबक दिसतं. तिथे शाईने छापलेला किंवा ठोकून उमटवलेला सहा-सात आकडी नंबर शोधा. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखानदारांच्या संघटनेने प्रत्येक कारखान्याला एक क्रमांक दिला होता. तुमच्या हजेरीपटावर जसा प्रत्येकाचा नंबर असतो ना, तसाच. त्यातले थोडे असे :

१३७ : सीटीएस
२२० : जेन्सन
३२८ : यूटा
४६५ : ऑक्सफर्ड

समजा, नंबर आहे ३२८६८१२. त्याचे तीन तुकडे करा. ३२८ म्हणजे यूटा. ६८ म्हणजे १९६८ साल. १२ म्हणजे वर्षाचा बारावा आठवडा, मार्च महिन्याचा उत्तरार्ध. बघा, सात आकड्यांत कारखाना, वर्ष आणि आठवडासुद्धा!

पण नंबर सहाच आकडी असला तर? ३२८८१२. इथे वर्षाचा एकच आकडा छापला आहे, ८. मग १९४८, १९५८, १९६८ की १९७८? इथे दुसरा पुरावा लागतो.

एक पुरावा म्हणजे चुंबक. जुन्या स्पीकरांत 'अल्निको' नावाच्या मिश्रधातूचं चुंबक असे. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्यावरून हे नाव पडलं. ते साधारण छोट्या डबीसारखं दिसतं. दुसरा प्रकार फेराइटचा. हे चुंबक काळं, रुंद आणि चपटं, भाकरीसारखं. १९७८ साली आफ्रिकेतल्या झाईरमध्ये (आजचं काँगो) लढाई झाली. जगातला पुष्कळ कोबाल्ट तिथून यायचा. त्याचा भाव कडाडला आणि अनेक कारखाने अल्निको सोडून फेराइटकडे वळले. फेराइट त्याआधीही वापरात होतं, त्यामुळे नुसत्या चुंबकावरून साल ठरत नाही. पण शंका कमी करायला त्याची मदत होते. आफ्रिकेतल्या खाणीचा परिणाम अमेरिकेतल्या दिवाणखान्यातल्या स्पीकरवर! भूगोल कुठे कामाला येईल, सांगता येत नाही.

आणखी एक युक्ती. शेवटचे दोन आकडे ७४ किंवा ९१ असे निघाले, तर तो हा नंबर नव्हेच. वर्षात एवढे आठवडे असतात का? तो मॉडेल नंबर असेल. पुढे शोधा.

या नावांमागची माणसं आणि गावं

जेन्सन हे एका माणसाचं नाव. पीटर जेन्सन डेन्मार्कमध्ये जन्मला आणि अमेरिकेत गेला. तिथे कॅलिफोर्नियातल्या नापा गावी त्याने आणि एडविन प्रिडम याने १९१५ साली मोठ्याने बोलणारं यंत्र तयार केलं. त्याला नाव दिलं 'मॅग्नाव्हॉक्स'. लॅटिन भाषेत याचा अर्थ मोठा आवाज. पुढे जेन्सनने स्वतःच्या नावाची वेगळी कंपनी काढली. त्यामुळे एकाच माणसाची कामगिरी दोन कंपन्यांच्या नावांमागे दडलेली आहे.

सीटीएसची गंमत तर और आहे. ही अक्षरं 'शिकागो टेलिफोन सप्लाय' या नावातली. म्हणजे कंपनी शिकागोची आणि माल टेलिफोनचा, असंच कोणालाही वाटेल. पण तिचं बिऱ्हाड १९०२ सालीच इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावी हललं होतं आणि पुढे ती स्पीकरही बनवायला लागली.

आपल्याकडेही असं होतंच की. आजी-आजोबांना मर्फी रेडिओविषयी विचारा. जाहिरातीतलं ते गुटगुटीत बाळ त्यांना लगेच आठवेल. मर्फी ही मूळची इंग्लंडमधली कंपनी, १९२९ साली सुरू झालेली. पण आपल्याकडच्या मर्फीचा कारखाना होता ठाण्यात! नाव विलायती आणि जोडणी करणारे हात आपल्या ठाण्यातले.

एका स्पीकरचे अनेक आईबाप

अमेरिकेचा हा नंबर सगळ्या जगात चालत नव्हता. इंग्लंडचं एक उदाहरण सांगते. बीबीसीला रेडिओच्या गाडीत मावेल असा लहान स्पीकर हवा होता. बीबीसीच्या इंजिनिअरांनी १९७०च्या दशकात तो तयार केला. नाव 'एलएस ३/५ए'. उंची जेमतेम ३० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या मोठ्या पट्टीएवढी. हा स्पीकर बनवायचा परवाना बीबीसीने रॉजर्स, स्पेंडॉर, चार्टवेल अशा निरनिराळ्या कंपन्यांना दिला. त्यामुळे पट्ट्यांवर निरनिराळी नावं. पण आत बघितलं, तर वूफर आणि ट्वीटर केईएफ या कंपनीचे!

मग हा स्पीकर कोणाचा? कल्पना बीबीसीची, आवाज काढणारे भाग केईएफचे, जोडणी रॉजर्सची. तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. एकच लिहिलं, तर उत्तर अपुरं.

वहीत तीन रकाने

आता सगळ्यात महत्त्वाचं. वहीत तीन रकाने आखा : 'काय दिसलं', 'त्यावरून काय वाटतं' आणि 'काय नक्की झालं'.

पहिल्या रकान्यात फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं. "वूफरवर ३२८६८१२ हा नंबर." दुसऱ्यात अंदाज. "खोकं १९६८च्या सुमारास बनलं असावं." तिसऱ्यात नक्की झालेलं. "वूफर यूटाचा." एवढंच!

खोक्याचं साल तिसऱ्या रकान्यात का नाही? कारण वूफर मार्चमध्ये बनला, पण तो खोक्यात कधी बसवला ते आपण पाहिलेलं नाही. कदाचित वर्षभर गोदामात पडला असेल. किंवा जुना फाटला म्हणून दुरुस्तीवाल्याने नंतर हा घातला असेल. म्हणून जोडीतला दुसरा स्पीकरही बघायचा. दोन्हीकडे जवळजवळचे आठवडे निघाले, तर जोडी मूळची असण्याचा संभव वाढतो. क्रॉसओव्हरवरच्या भागांवरही तारखेचे नंबर असतात. तेही जुळले, तर मग अंदाज भक्कम झाला.

अंदाज उचलून तिसऱ्या रकान्यात टाकायचा मोह फार होतो. त्यातून घरच्यांना "भारी कंपनीचा आहे!" असं सांगायला कोणाला आवडणार नाही? पण तुमच्या त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून उद्या कोणी जास्त पैसे मोजेल आणि फसेल. किंवा उलट, "काही खास नाही" असं तुम्ही म्हणालात, तर चांगली वस्तू किलोच्या भावाने जाईल. एकदा का चुंबक तोडून काढलं, की तो स्पीकर परत होत नाही. म्हणून रिकामा रकाना रिकामाच ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

आईबाबांना एक विनंती. जुनी वस्तू देऊन टाकायला हरकत नाही. फक्त आधी मुलांना एक रविवार द्या. नंबर उतरवू द्या, मागचा कागद न खरवडता त्याचा फोटो काढू द्या, आणि ही वस्तू घरात कोणी, कधी आणली ते आजी-आजोबांना विचारू द्या. खरेदीची पावती सापडली, तर ती वस्तूबरोबरच ठेवा. आठवणही पुरावाच असते, पण तिचा रकाना दुसरा.

डोकं चालवा

एका खोक्यावर 'लाफायेत' अशी पट्टी आहे. जोडीतल्या दोन वूफरांवर १३७६८४१ आणि १३७६८४२ हे नंबर आहेत. डावीकडच्या ट्वीटरच्या नंबराचे शेवटचे चार आकडे ७३१५ आहेत. उजवीकडचा ट्वीटर अजून उघडलेला नाही. (१) वूफर कोणी बनवले? (२) ते कधीचे? (३) डावीकडच्या ट्वीटरवरून काय म्हणता येईल?

*उत्तरं :* (१) सीटीएस. लाफायेत हे विकणाऱ्या दुकानाचं नाव. (२) १९६८ सालचा ४१वा आणि ४२वा आठवडा, म्हणजे ऑक्टोबर महिना. (३) हा ट्वीटर १९७३च्या एप्रिलमधला. एक तर तो नंतर बदलला असेल, नाही तर जुने वूफर वापरून खोकंच १९७३ साली किंवा नंतर जोडलं असेल. यातलं कुठलं खरं, ते उजवीकडचा ट्वीटर उघडेपर्यंत दुसऱ्या रकान्यातच ठेवा!